रामानुजन यांना सावरणारी माणसे



२०१२ सालापासून २२ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळेत फळा सजवला जातो, श्रीनिवास रामानुजन यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि एखादा चुणचुणीत विद्यार्थी १७२९ या संख्येची गोष्ट सांगतो. टाळ्या होतात, मुले आपापल्या वर्गात जातात. रामानुजन म्हणजे जन्मतःच अलौकिक बुद्धी लाभलेला माणूस, एवढेच मुलांच्या मनात उरते.

परंतु हेच रामानुजन महाविद्यालयाच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. सतराव्या वर्षी ते घर सोडून निघून गेले होते. आणि तिसाव्या वर्षी, परदेशात, निराशेच्या भरात त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला होता. ही बाजू आपण मुलांना सहसा सांगत नाही. यंदा वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या असताना ती सांगावी असे वाटते. त्यांच्या आयुष्यात प्रत्येक पडझडीच्या वेळी कोणी ना कोणी हात दिला, आणि जिथे हात मिळाला नाही तिथे काय झाले, हे आपण सर्वांनीच समजून घेण्यासारखे आहे.

बालपण

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तमिळनाडूतील ईरोड येथे आजोळी झाला. वडील कुंभकोणमला एका कापडाच्या दुकानात कारकून होते. आई कोमलतम्माळ देवळात भजने गात असे. त्यातून चार पैसे घरात येत. रामानुजन दोन वर्षांचा असताना त्याला देवी आल्या. त्या साथीत तंजावर जिल्ह्यात हजारो माणसे गेली, पण तो वाचला. त्याच्या पाठीवरची तीन भावंडे मात्र तान्हेपणीच गेली. साहजिकच आईचा सारा जीव या एका मुलात गुंतला.

मुलगा हुशार होता, तितकाच हळवा होता. एकदा अंकगणिताच्या परीक्षेत त्याला ४५ पैकी ४२ गुण मिळाले आणि त्याच्या मित्राला ४३. एका गुणाचा फरक, पण रामानुजन मित्राशी बोलेना. रडत घरी आईकडे गेला. पुढे शाळेत असतानाच त्याने त्रिकोणमितीतला एक सिद्धांत स्वतःच्या बुद्धीने शोधून काढला. नंतर कळले की तो फार पूर्वीच कोणीतरी शोधलेला आहे. एवढ्या लहान वयात ते सुचणे ही केवढी मोठी गोष्ट! पण त्याला त्याची लाज वाटली आणि ते कागद त्याने घराच्या छपरात लपवून ठेवले.

पालकहो, अशी मुले आपल्याही घरांत असतात. शिक्षकांना त्यांचा त्रास नसतो, प्रगतिपुस्तक चांगले असते, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. एक गुण कमी पडला म्हणून जे मूल रात्री जेवत नाही, त्याच्याकडे नापास होणाऱ्या मुलाइतकेच लक्ष द्यायला हवे.

नापास

१९०४ साली कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमधून तो बाहेर पडला, तेव्हा गणिताचे पारितोषिक त्याच्या हाती होते आणि सरकारी महाविद्यालयाची शिष्यवृत्तीही मिळाली. त्याआधीच त्याच्या हाती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आले होते. त्यात गणिताची सुमारे ५,००० सूत्रे एकापाठोपाठ एक दिलेली होती. त्या पुस्तकाने त्याला पुरते झपाटले. वर्गात इतिहास चालू असो की इंग्रजी, याच्या वहीत गणित चालू.

परिणाम व्हायचा तोच झाला. इंग्रजी निबंधाच्या परीक्षेत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. सत्राची फी होती ३२ रुपये, आणि घरच्या परिस्थितीला ती झेपणारी नव्हती. आई प्राचार्यांना जाऊन भेटली. प्राचार्य सौजन्याने बोलले, पण नियम तो नियम. गणितात सर्वांच्या पुढे असलेल्या या मुलाचे काय करायचे, याचे उत्तर त्या नियमात नव्हते.

ऑगस्ट १९०५ मध्ये सतरा वर्षांचा रामानुजन कोणाला न सांगता घरातून निघून गेला. सुमारे अकराशे किलोमीटरवरच्या विशाखापट्टणमची वाट त्याने धरली होती. घाबरलेल्या आईवडिलांनी शोधाशोध केली, मुलगा हरवल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. पुढे तो घरी परतला. त्या दिवसांत त्याच्या मनात काय चालले होते हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही. पण शिष्यवृत्ती गेल्यावर घरात आणि गावात तोंड दाखवणे त्या वयाच्या मुलाला किती जड गेले असेल, हे सांगायला लिहिलेला कागद कशाला हवा?

१९०६ साली मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात पुन्हा प्रवेश घेतला. मध्येच आजारपण आले. एफ.ए.च्या परीक्षेत गणित उत्तम, पण शरीरशास्त्र आणि इतर विषयांत नापास. १९०७ साली पुन्हा बसला, पुन्हा नापास. सर्व विषयांत उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढची वाट नव्हती. विसाव्या वर्षी पदवी नाही, नोकरी नाही, असा तो घरी बसला. ओटीवर बसून पाटीवर गणिते करी. कागद महाग, म्हणून पाटी. आणि ओले फडके घ्यायलाही वेळ नको, म्हणून कोपरानेच पुसायची. त्याचे कोपर काळे पडले होते.

दारे उघडणारी माणसे

१९०९ साली जानकीशी विवाह झाला. तेव्हाच्या चालीप्रमाणे ती फार लहान होती. पुढे रामानुजन यांच्यावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. घरात पैसा नव्हता. १९१० च्या जानेवारीत एका डॉक्टरांनी ती फी न घेता केली. त्याच सुमारास आजारी अवस्थेत ते मद्रासमधल्या एका जुन्या मित्राच्या दारात जाऊन उभे राहिले. मित्राने घरात घेतले, डॉक्टरांना दाखवले, शुश्रूषा केली आणि आईवडिलांकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिले. त्या मित्राला गणित किती कळत होते, हा प्रश्नच नव्हता. दारात आलेला मित्र आजारी होता, एवढे त्याला पुरेसे होते.

१९१० मध्येच रामानुजन नोकरीच्या शोधात व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. हे गृहस्थ डेप्युटी कलेक्टर होते आणि भारतीय गणित संस्थेचे संस्थापकही. मागणे काय होते? एखादी कारकुनी. अय्यरांनी वह्या पाहिल्या आणि जाणले की या माणसाला साध्या कारकुनीत अडकवले तर त्याची बुद्धी वाया जाईल. त्यांनी मद्रासमधील जाणकारांच्या नावे पत्रे दिली. त्या वाटेने रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचले. रामचंद्र रावांना प्रथम विश्वास वाटला नाही. पण त्यांनी एका भेटीत निकाल लावला नाही. पुन्हा पुन्हा भेट दिली, ऐकून घेतले, आणि मग विचारले की तुम्हाला हवे तरी काय. रामानुजन यांना पोटापुरते अन्न आणि गणितासाठी निवांत वेळ एवढेच हवे होते. रावांनी दरमहा २५ रुपये देण्यास सुरुवात केली.

मार्च १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपये पगाराची कारकुनी मिळाली. तिथले वरिष्ठ अधिकारी नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार. दिवसभर हिशेब झाल्यावर रात्री ते या कनिष्ठ कारकुनाबरोबर पाटी घेऊन बसत. त्यांच्याच प्रोत्साहनाने रामानुजन यांनी इंग्लंडमधील गणितज्ञांना पत्रे लिहिली. दोन नामांकित प्राध्यापकांकडून काहीच हाती लागले नाही. १६ जानेवारी १९१३ रोजीचे पत्र केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना गेले. हार्डींनी ते नीट वाचले आणि पुढचा इतिहास घडला. मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ज्याला एफ.ए. पार करता आले नाही, त्याला विद्यापीठाने संशोधक म्हणून मान्यता दिली. यावेळी नियमात बसत नाही म्हणून कोणी दार लावले नाही.

परदेशातील एकटेपणा

१७ मार्च १९१४ रोजी रामानुजन जहाजाने निघाले आणि एप्रिलमध्ये लंडनला पोहोचले. काही महिन्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले. हार्डींबरोबरचे त्यांचे काम जगभर गाजले. १९१६ साली संशोधनाच्या आधारे केंब्रिजची बी.ए. पदवीही मिळाली. बाहेरून पाहणाऱ्याला सारे उत्तम चालले होते.

आतली स्थिती वेगळी होती. कडक शाकाहारी असल्यामुळे ते स्वतः स्वयंपाक करीत, कामाच्या नादात अवेळी जेवत. युद्धामुळे भाजीपाला मिळणे कठीण झाले. थंडीने हाल होत. एकदा प्रशांतचंद्र महालनोबिस, जे पुढे मोठे संख्याशास्त्रज्ञ झाले, त्यांच्या खोलीवर गेले. रात्री थंडी वाजते हे कळल्यावर त्यांनी पलंग पाहिला. पांघरुणे गादीखाली नीट खोचलेली होती, आणि त्यांच्या आत शिरून झोपायचे असते हेच रामानुजन यांना कोणी सांगितले नव्हते. ते ओव्हरकोट घालून, वर शाल घेऊन झोपत होते. महालनोबिस यांनी पांघरूण उलगडून दाखवले. एवढीशी गोष्ट. पण त्यासाठी कोणीतरी खोलीत जाऊन विचारावे लागले.

हळवेपणाही तसाच होता. एकदा त्यांनी मित्रमंडळींना जेवायला बोलावले. पाहुण्यांनी एक पदार्थ तिसऱ्यांदा घ्यायला नको म्हटले. रामानुजन यांना ते इतके लागले की ते उठून बाहेर पडले आणि केंब्रिज सोडून ऑक्सफर्डला निघून गेले. काही दिवसांनी पैसे पाठवा अशी तार आली, तेव्हा पत्ता लागला. विशाखापट्टणमची वाट धरणारा सतरा वर्षांचा मुलगा अजून त्यांच्यात होता.

घरी सासूसुनेचे पटत नव्हते. पत्रे अडवली जात. जानकी माहेरी निघून गेली. दूर बसलेल्या रामानुजन यांना घरची पत्रे येईनाशी झाली. हार्डी थोर मनाचे होते, पण स्वभावाने अबोल. दुसऱ्याच्या घरगुती गोष्टी विचारणे त्यांच्या रीतीत नव्हते. रोज गणितावर तासन्‌तास बोलणारी ही दोन माणसे, पण एकाच्या मनात काय जळते आहे हे दुसऱ्याला फार उशिरा कळले. १९१७ मध्ये रामानुजन गंभीर आजारी पडले आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरू लागले. त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजच्या फेलोपदासाठी त्यांची निवड झाली नाही.

१९१८ च्या सुरुवातीला, लंडनमध्ये, त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रसंगावधानाने ते वाचले. त्या काळी इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता, म्हणून पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. हार्डी धावत आले, आपल्या नावाचा आणि प्रतिष्ठेचा सगळा भार त्यांनी पोलिसांसमोर टाकला आणि रामानुजन यांना सोडवले.

त्यानंतर काय झाले ते महत्त्वाचे आहे. रॉयल सोसायटीसाठी त्यांचे नाव हार्डींनी आधीच सुचवले होते. या माणसाला आता धीराची गरज आहे, हे ओळखून त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. मे १९१८ मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीचेही. एका भारतीय मित्राने रुग्णालयात त्यांच्यासोबत तीन दिवस काढले, जेवणाचे काय हाल होतात ते पाहिले आणि हार्डींना सविस्तर पत्र लिहिले. रामानुजन पुन्हा काम करू लागले. आणि १७२९ ची ती प्रसिद्ध गोष्टसुद्धा याच काळातली. टॅक्सीचा नंबर मुलांना पाठ असतो, पण त्या टॅक्सीतून हार्डी कुठे गेले होते ते कोणी लक्षात घेत नाही. ते आजारी मित्राला रुग्णालयात भेटायला गेले होते.

शेवटची वर्षे

मद्रास विद्यापीठाने त्यांना वार्षिक २५० पौंड मंजूर केले. रामानुजन यांनी उत्तरात कळवले की आपला व घरचा आवश्यक खर्च भागल्यावर उरलेली रक्कम गरीब आणि अनाथ मुलांच्या फी व पुस्तकांसाठी वापरावी. ३२ रुपयांच्या फीपायी ज्याचे शिक्षण तुटले, तो ती गोष्ट विसरला नव्हता.

२७ मार्च १९१९ रोजी त्यांचे जहाज मुंबई बंदराला लागले. आई घ्यायला आली होती. त्यांनी आधी जानकी कुठे आहे ते विचारले. पुढे ती आली आणि अखेरपर्यंत तिने सेवा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचे गणित चालूच होते. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जानकी काही वर्षे मुंबईत भावाकडे राहिल्या, शिवणकाम शिकल्या, नंतर मद्रासला परतून त्यावर स्वतःचा चरितार्थ चालवला. १९९४ साली त्या वारल्या.

आपल्यासाठी

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रातून एक चुकीचा धडा काढू नका. नापास होणारे सगळेच पुढे रामानुजन होतात, असे नाही. तुम्हाला धीर मिळण्यासाठी अलौकिक असण्याची गरजही नाही. त्या मित्राने दार उघडले, डॉक्टरांनी फी घेतली नाही, महालनोबिस यांनी पांघरूण उलगडून दाखवले, ते समोर एक अडचणीतला माणूस होता म्हणून. तसा आधार मिळण्याचा हक्क तुम्हा प्रत्येकाला आहे, मग गुण ९२ असोत की ३२. आणि मनात अंधार दाटला तर छपरात कागद लपवावेत तसे ते लपवू नका. आई, बाबा, आजी, एखादे सर किंवा बाई, ज्यांच्याशी बोलावेसे वाटेल त्यांच्याशी बोला. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जा. रामानुजन यांच्याही दोन पत्रांतून काही निघाले नव्हते. आणि मित्र असे काही बोलला तर ते गुपित ठेवू नका. लगेच मोठ्यांना सांगा. ती चहाडी होत नाही.

पालकहो, हिंदीत ज्याला अवसाद आणि मराठीत नैराश्य म्हणतात, तो आळस नव्हे, नाटक नव्हे आणि संस्कारांतली उणीवही नव्हे. झोप उडणे किंवा दिवसभर झोपणे, जेवण टाकणे, आवडत्या खेळात मन न लागणे, मित्र तोडणे, वारंवार पोट किंवा डोके दुखणे, चिडचिड, आपण निरुपयोगी आहोत असे बोलणे, जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, ही लक्षणे दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. जगणे नको असे मूल बोलले तर मात्र एक दिवसही थांबू नका. त्याबद्दल शांतपणे सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात येत नाही, उलट त्याला मोकळे होता येते. आपल्या इंदूरमध्ये भंवरकुआँ परिसरात कोचिंगच्या पाट्यांवर यशस्वी मुलांचे फोटो लागतात. ज्यांचे फोटो लागत नाहीत, ती मुले संध्याकाळी आपल्याच घरी परततात. त्या वेळी पहिला प्रश्न गुणांचा असू नये.

आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे मान्य केले आहे की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली असते आणि तिला उपचार व आधार देणे शासनाचे कर्तव्य आहे. २०२२ पासून टेलिमानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते. तिथे हिंदीप्रमाणे मराठीतही बोलता येते. लहान मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक घरात दूरध्वनीजवळ लिहून ठेवावेत.

विश्वस्त मंडळींना नम्र विनंती अशी की नव्या सत्रापासून आठवड्यातून निदान दोन दिवस प्रशिक्षित समुपदेशक शाळेत यावेत, आणि फी थकली म्हणून एकाही मुलाचा परीक्षेचा क्रमांक अडू नये, याचा विचार पुढच्या बैठकीत व्हावा. शाळा चालवायची तर नियम हवेतच. पण कुंभकोणमच्या त्या प्राचार्यांसमोर बसलेली आई उद्या आपल्या कार्यालयात आली, तर तिला सौजन्याखेरीज आणखी काही देता यावे, एवढीच इच्छा आहे.

सर्व विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी मनःपूर्वक शुभेच्छा. निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी शाळेत या. आम्ही वाट पाहू.

— प्राचार्य